दादांची लस

पंचवटीत एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात मी कित्येक वर्षं सिस्टर म्हणून काम करते. हॉस्पिटल फार मोठं नाही. ओपीडीला शहरातली माणसं येतात तशी दिंडोरी, पेठकडचीही येतात. सकाळच्या गाडीने यायचं, डॉक्टरला दाखवायचं, भाजीबाजारात एक चक्कर मारायची आणि दुपारच्या गाडीने परत. आमच्याकडचे कागदी केसपेपर बंद होऊन सगळं कॉम्प्युटरवर आलं तेव्हा सगळ्यात जास्त कुरकुर आम्ही सिस्टर लोकांनी केली. पेशंटच्या तोंडाकडे बघायचं की स्क्रीनकडे, हा आमचा प्रश्न होता आणि तो खोटा नव्हता.

सुरुवातीला त्या कॉम्प्युटरने आमचं काम फक्त वाढवलं. मग आमच्या फिजिशियन मॅडमनी त्यात एक सोय करून घेतली. साठीच्या पुढच्या पेशंटची फाइल उघडली आणि त्याने फ्लूची किंवा न्यूमोनियाची लस घेतल्याची नोंद नसली, की वर एक पिवळी पट्टी यायची: 'लस बाकी'. मॅडमचं म्हणणं साधं होतं. दर थंडीत तीच तीच म्हातारी माणसं छाती भरून येतात, ऑक्सिजनवर पडून राहतात, त्यातली काही घरी परत जात नाहीत. बाळाच्या लसीची तारीख आई विसरत नाही. म्हाताऱ्यांच्या लसीची तारीख लक्षात कोण ठेवणार? मुळात मोठ्या माणसांनाही लस असते हेच पुष्कळांना ठाऊक नसतं.

पट्टी सुरू झाली आणि काहीच बदललं नाही. डॉक्टरांच्या दाराशी रांग असायची. पट्टी आली की तिच्या कोपऱ्यातल्या फुलीवर बोट जायचं, पट्टी गायब. एकदा मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"सिस्टर, मीच लावून घेतलेली पट्टी मीच रोज पुसतेय," त्या म्हणाल्या. "पेशंट माझ्यासमोर बसतो तेव्हा त्याला दुखणं सांगायचं असतं, मला औषध लिहायचं असतं. लसीचं बोलायला दोघांनाही सवड नसते. ही पट्टी तुमच्या टेबलावर पाठवली तर चालेल?"

माझ्या टेबलावर वजन, बीपी, शुगर तपासली जाते. दंडाला पट्टा बांधून माणूस गप्प बसलेला असतो आणि त्याला उठूनही जाता येत नाही. बोलायला याहून चांगली वेळ नाही. मी हो म्हटलं.

मग मी बोलायला शिकले. माणूस बघून बोलावं लागतं. दिंडोरीकडचे एक बाबा मला म्हणाले, "कोरोनात लय टोचून घेतलं सिस्टर. आता नाय."

त्यांची द्राक्षबाग होती. मी विचारलं, "बाबा, भुरीचा फवारा तुम्ही वेलीवर रोग आल्यावर मारता की आधी?"

"आल्यावर मारून काय उपेग? आधीच मारावा लागतो."

"मग ही लस तसलीच आहे."

ते दंडावरच्या पट्ट्याकडे बघत म्हणाले, "मंग म्हातारीला बी द्या. ती बाहेर बसलीय."

सगळेच असे ऐकायचे नाहीत. कुणी मुलाला विचारून सांगतो म्हणायचं, कुणी पुढच्या खेपेला. त्यांच्यासाठी मॅडमनी दुसरी सोय केली. ज्यांची पट्टी बरेच दिवस पिवळीच राहिली आहे त्यांची नावं आठवड्यातून एकदा माझ्याकडे यायची आणि दुपारी ओपीडी रिकामी झाली की मी फोन करायचे. त्यातही फजिती व्हायची. पिंपळगावच्या एका आजोबांनी पुण्याला मुलाकडे असताना लस घेतलेली होती, आमच्या कॉम्प्युटरला त्याचा पत्ता नव्हता. एका घरी फोन केला तर सून म्हणाली, "ते गेले, सिस्टर. दिवाळीच्या आधी." कॉम्प्युटरला माणूस गेलेला कळत नाही, आपण कळवावं लागतं. मी माफी मागितली. तीच मग म्हणाली, "सासूबाई आहेत. त्यांना आणलं तर चालेल का?" आणि खरोखरच घेऊन आली.

हे सगळं मी सांगतेय ते एवढ्याचसाठी, की परक्या माणसांना मी रोज पटवत होते आणि माझ्या स्वतःच्या सासऱ्यांची पट्टी पिवळीच होती.

सासऱ्यांना आम्ही दादा म्हणतो. बस डेपोत मेकॅनिक होते. हयातभर डिझेलचा धूर आणि जोडीला बिडी. बिडी सुटली, पण छाती जी धरली ती धरलीच. आदल्या थंडीत त्यांना आमच्याच हॉस्पिटलात ऑक्सिजन लावून ठेवावं लागलं होतं. रात्रपाळीच्या सिस्टरला मी सारखी विचारत होते, आणि ती मला सांगत होती की तू आज सिस्टर नाहीस, सून आहेस, बाहेर बस. म्हणून लसीची गरज कुणाला असेल तर ती त्यांना होती.

घरी विषय काढला की ते पेपर वर धरायचे. शेवटी तपासणीच्या निमित्ताने मी त्यांना ओपीडीत आणलं. रांगेत बसले, नंबर आल्यावर इतरांसारखे माझ्यासमोर येऊन बसले. पट्टा बांधला, फाइल उघडली, पट्टी आली. मी सगळ्यांना सांगते ते सगळं त्यांना सांगितलं. लस कशाची, कुणाला, दंड थोडा दुखेल, अंग कसकसेल, दोन दिवसांत बरं वाटेल. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"सिस्टर, तुम्ही फार छान सांगता," ते म्हणाले. "पण मला नको."

बाकावरची माणसं हसली. मला हसू आलं नाही. कॉम्प्युटर पुढे जाऊ देत नव्हता. 'दिली', 'आधी घेतली', 'नकार', यातलं काहीतरी भरावंच लागतं. मी 'नकार' भरलं. खाली कारणाची जागा होती. तिथे काय लिहायचं ते मला ठाऊक नव्हतं, म्हणून ती कोरी ठेवली.

त्या दुपारी मी त्यांना माझ्या गाडीवरून घरी नेत होते. पुलाच्या अलीकडे ते म्हणाले, "जरा थांबव." उसाच्या रसाच्या गाडीपाशी थांबलो. रस आला. ग्लास हातात धरून ते बोलले, माझ्याकडे न बघता.

"तो नको म्हणत होता. मीच नेला त्याला."

तो म्हणजे कोण हे मला लगेच कळलं. आमच्या कॉलनीत, दोन गल्ल्या सोडून राहणारे एक गुरुजी होते. मनपाच्या शाळेतून निवृत्त झालेले. आम्ही त्यांना काका म्हणायचो. दादा आणि ते रोज पहाटे नदीकाठी फिरायला जायचे. येताना टपरीवर चहा प्यायचे आणि डेपो चांगला की शाळा यावर भांडत घरी यायचे. कोरोनाची लस आली तेव्हा दोघांनी एकाच दिवशी घेतली होती. नंतर पंधरा-वीस दिवसांत काका अचानक गेले. छातीत कळ आली, रिक्षा येईपर्यंत संपलं.

"लोक घाबरत होते, तोही घाबरत होता," दादा म्हणाले. "मी म्हटलं, शिकलेला माणूस असून घाबरतोस? मी आधी घेतो, मग तू घे. माझ्या स्कूटरवर मागे बसवून नेला. फोटो काढला दोघांचा. आणि मग तो गेला."

"दादा, लसीने नाही गेले काका. त्यांचं हृदय…"

"तू सिस्टर आहेस, तू तेच सांगणार." रागाने बोलले नाहीत. "असेलही तसं. पण मी नेला नसता तर तो आज असता की नसता, हे मला कोण सांगेल?"

दादांनी दुसरा डोस घेतलाच नव्हता, हेही मला तेव्हाच कळलं. आम्हाला सांगितलं होतं, सर्टिफिकेट कुठेतरी हरवलं. इतकी वर्षं आम्ही घरातले समजत होतो की हे सुईला घाबरतात. सासूबाई तर त्यांना चिडवायच्या.

काकांची फाइल आमच्याच हॉस्पिटलात होती. माझ्या लॉगिनवर ती उघडली असती. दोन दिवस माझ्या मनात ते येत होतं, की उघडावं, त्यात काय असेल ते बघावं आणि दादांपुढे ठेवावं. मी ती उघडली नाही. माणूस गेला तरी फाइल त्याचीच असते, आणि माझं तिथे काही काम नव्हतं. मी मॅडमना एवढंच सांगितलं की सासरे तयार होत नाहीत. त्या म्हणाल्या, "घाई करू नका. नकार म्हणजे कायमचा नकार नसतो. काही दिवसांनी परत विचारायचं."

नंतरच्या एका दुपारी मी फोन करायला बसले आणि नावांमध्ये काकूंचं नाव आलं. शुगरची पेशंट, वय सत्तरीच्या पुढे, लस बाकी. काका गेल्यावर वर्षभराने त्या मुलीकडे राहायला गेल्या होत्या आणि नुकत्याच कॉलनीत परत आल्या होत्या. मी फोन लावला. आवाज ओळखून त्यांनी आधी "जय भीम, बाळा" म्हटलं, मग घरातल्या सगळ्यांची चौकशी केली. मी लसीचं सांगितलं. मला वाटलं होतं त्या चिडतील, निदान गप्प होतील. त्या म्हणाल्या, "घ्यायला पाहिजे का? मग येते ना. गुरुवारी आले तर आहेस तू?"

गुरुवारी त्या आल्या. पांढरी साडी, हातात छत्री, पिशवीत माझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी. लस घेतली. लस घेतल्यावर अर्धा तास थांबवून ठेवतो आम्ही, तशा त्या माझ्या टेबलाशेजारच्या बाकावर बसल्या. गर्दी ओसरली होती.

"तुला एक विचारू?" त्या म्हणाल्या. "तुझ्या सासऱ्यांनी आमच्याकडे येणं का सोडलं गं? हे गेले तेव्हा आले, दारात उभे राहिले आणि गेले. नंतर कधी नाही. परवा चौकात दिसले, तर मला बघून पलीकडच्या बाजूला गेले. माझ्याकडून काही चुकलं का?"

दादांनी मला रसाच्या गाडीपाशी सांगितलं होतं ते सगळं सांगितलं. हे हॉस्पिटलातलं बोलणं नव्हतं, घरातलं होतं, आणि त्या विचारत होत्या.

काकूंनी छत्रीची मूठ दोन्ही हातांत धरली. मग म्हणाल्या, "अरे देवा. एवढी वर्षं हे घेऊन फिरतोय तो माणूस?" आणि लगेच, "आज संध्याकाळी घरी आहेत का?"

संध्याकाळी त्या एकट्याच आल्या. दादा टीव्हीवर बातम्या बघत होते. त्यांना दारात बघून ते उठले आणि आत जायला लागले.

"बसा, भाऊजी," काकू म्हणाल्या. "मी तुमच्याकडेच आलेय."

सासूबाईंनी टीव्ही बंद केला. मी पाणी आणलं. काकूंनी फार प्रस्तावना केली नाही.

"ह्यांच्या छातीत लशीच्या आधीपासून दुखत होतं," त्या म्हणाल्या. "कितीतरी आधीपासून. जिना चढले की बसायचे. डॉक्टरांनी अँजिओग्राफी करून घ्या म्हणून सांगितलं होतं. हे म्हणाले, कोरोना ओसरू दे, मग बघू. मी मागे लागले होते, पण तुम्हाला त्यांचा स्वभाव माहीत आहे."

दादा खाली बसले. "मला बोलला नाही कधी."

"तुम्हाला कसे बोलतील? मला बजावून ठेवलं होतं, त्याला सांगू नकोस. त्याला कळलं तर तो मला सकाळी फिरायला नेणार नाही. ते फिरणं त्यांना सोडायचं नव्हतं, भाऊजी. डॉक्टरने सांगितलेलं सगळं त्यांनी पुढे ढकललं, ते तेवढ्यासाठी."

दादांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसायला लागले. पुसून झाल्यावरही पुसत राहिले.

"चढावर थांबायचा," ते हळू म्हणाले. "घाटावरून वर येताना. खाली वाकायचा आणि म्हणायचा, बुटाची नाडी सुटली. मी म्हणायचो, मास्तर, तुम्हाला नाडी बांधता येत नाही, पोरांना काय शिकवलंत?"

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"मला कळायला पाहिजे होतं," दादा म्हणाले.

"मी बायको. माझ्यासमोर घाम पुसायचे," काकू म्हणाल्या. "मला थांबवता आलं नाही, तुम्ही कुठून थांबवणार होता? आणि लशीचं म्हणाल, तर त्या दिवशी घरी येऊन म्हणाले, बरं झालं घेतली, आता तुझ्या बहिणीकडे जाता येईल. खूश होते. तुम्ही नेलंत म्हणून गेले, नाहीतर घाबरून घरातच बसले असते."

"हे मला आधी का नाही सांगितलंत, वहिनी?"

"तुम्ही आलात कुठे, भाऊजी?"

यावर दादा रडले. लग्न होऊन आल्यापासून मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. आवाज न करता, मान खाली घालून. सासूबाई उठून त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभ्या राहिल्या आणि खांद्यावर हात ठेवला. मी चहा करायच्या निमित्ताने आत गेले आणि ओट्यापाशी माझेही डोळे वाहायला लागले. पण ते दुःखाचं रडणं नव्हतं. एखाद्याच्या छातीवरून मोठं ओझं उतरताना आपण बघत असलो की आपलाही श्वास मोकळा होतो, तसं झालं.

चहा घेऊन बाहेर आले तेव्हा दादा काकूंना विचारत होते, "तुम्ही घेतली ही नवी लस?"

"आजच. तुमच्या सुनेनेच बोलावलं. हा हात बघा, अजून वर जात नाही."

"दुखतोय?"

"दुखतोय की. शेंगदाणे कुटून दुखतो तसा."

दादा नुसते हुं म्हणाले. मी विषय वाढवला नाही. इतक्या पेशंटशी बोलून एवढं मला कळलेलं होतं, की कुठे थांबावं.

दोन-तीन दिवसांनी मी ड्युटीला निघाले, तर ते चपला घालून दारात उभे. "चल," म्हणाले. त्यांनी रांगेचा नंबर घेतला, माझ्यासमोर बसले आणि बाही वर केली. मी मात्र त्यांना सुई टोचली नाही. त्या दिवशी मी सून होते, म्हणून दुसऱ्या सिस्टरला बोलावलं. नंतर अर्धा तास ते बाकावर बसले आणि शेजारी बसलेल्या एका अनोळखी आजोबांना सांगत होते, "काही होत नाही. आमच्या घरातलीच सिस्टर आहे." मॅडम केबिनमधून बाहेर आल्या, त्यांनी दादांना नमस्कार केला आणि माझ्याकडे बघून नुसती मान हलवली.

खरं सांगायचं तर तो दिवस मी घाबरत काढला. इतक्यांना दिली होती, कुणाला काही झालेलं नव्हतं, होत नाही हेही माहीत होतं. पण त्यांनी ज्या भीतीतून हात पुढे केला होता ती आता माझ्याकडे आली होती. संध्याकाळी त्यांचं अंग थोडं गरम झालं. मी चारदा थर्मामीटर लावला. "बस झालं, झोपू दे," ते म्हणाले. सकाळी उठले तर ताप नव्हता. पोह्यात लिंबू कमी पडलं म्हणून सासूबाईंशी वाद घालत होते. मी हॉस्पिटलच्या ग्रुपवर उशीर होईल म्हणून कळवलं आणि दहा मिनिटं त्यांच्याबरोबर बसून पोहे खाल्ले.

काकूंकडे जाणं पुन्हा सुरू झालं. रविवारी दोघं नवरा-बायको जातात. पहिल्यांदा गेले तेव्हा काकांच्या फोटोसमोर दादा बराच वेळ उभे राहिले, असं सासूबाईंनी सांगितलं. काही बोलले का, मी विचारलं. त्या म्हणाल्या, "मनातल्या मनात भांडले असतील."

मग थंडी आली. नाशिकची थंडी म्हाताऱ्यांना काही दयामाया दाखवत नाही. दादांना एकदा सर्दी-खोकला झाला. चार दिवस शाल गुंडाळून घरात बसले, वाफ घेतली, श्वासाचा पंप वेळेवर ओढला आणि बरे झाले. ऑक्सिजन नाही, ॲडमिशन नाही. मी मॅडमना विचारलं, "हे लसीमुळेच ना?" त्या हसल्या. "एकाच माणसाकडे बघून तसं नाही सांगता येत, सिस्टर. पंपही ते आता नीट घेतात. पण यंदा आपल्याकडे छाती भरून येणारी ओळखीची माणसं मला कमी दिसताहेत. तुम्हाला?" मला पण कमी दिसत होती. मी तेवढ्यावर खूश होते.

सासूबाई दर दिवाळीनंतर एक पिशवी भरून ठेवायच्या. चादर, टॉवेल, थर्मास, दादांचे दोन पायजमे. कधीही हॉस्पिटलात जावं लागेल म्हणून. होळी झाली त्या आठवड्यात मी कामावरून आले, तर त्या अंगणात ती पिशवी रिकामी करत होत्या. चादरीची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. "उगाच भरली यंदा," त्या म्हणाल्या आणि चादर उन्हात टाकायला माझ्या हातात दिली.